दिलेली मान्यता परत का घेतली जाते?

राजीव गांधी पंतप्रधान असताना, ऑक्टोबर १९८५ मध्ये भारताने पश्चिम सहारातील ‘सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताका’ला राजनैतिक मान्यता दिली. जून २००० मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात, ती काढून घेण्यात आली. मधल्या पंधरा वर्षांत तेथे काय बदलले होते? १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाली, सार्वमताचे आश्वासन मिळाले. पण सार्वमत झाले नाही, आजही झालेले नाही. बहुतांश प्रदेश आधीही मोरोक्कोच्या ताब्यात होता, नंतरही राहिला. बदलली ती मान्यता देणाऱ्याची गरज.

स्पेनने १९७६ मध्ये ही वसाहत सोडताच मोरोक्को आणि मॉरिटानिया यांनी ती वाटून घेतली, तर पोलिसारिओ फ्रंटने २७ फेब्रुवारी रोजी स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केले. (त्याला ‘फुटीर’ म्हणणे मोरोक्कोच्या सोयीचे. संयुक्त राष्ट्रांच्या दफ्तरी हा प्रदेश अद्याप स्वशासन न मिळालेलाच आहे.) वसाहतवादाला विरोध हा त्या काळी अलिप्त राष्ट्रांच्या धोरणाचा कणा होता. आफ्रिकी ऐक्य संघटनेने या प्रजासत्ताकाला सामावून घेतले, म्हणून मोरोक्को १९८४ मध्ये संघटनेतून बाहेर पडला. भारताची मान्यता त्याच वातावरणातली.

एकदा दिलेली मान्यता मागे घेता येत नाही, असे १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराचे सहावे कलम सांगते. परंतु हा करार अमेरिका खंडांतील राष्ट्रांपुरता आहे. व्यवहारात मान्यता हा राजकीय निर्णय असतो. प्रस्थापित राष्ट्राशी बिनसले तर राजदूत परत बोलावला जातो, त्याचे अस्तित्व कोणी नाकारत नाही. ज्याला संयुक्त राष्ट्रांत जागाच नाही, त्याच्या बाबतीत मात्र एक पत्रक पुरते.

भारताच्या निर्णयामागे खताचे गणित उघड दिसते. आपल्याकडे फॉस्फेटचे साठे तुटपुंजे, तर जगातील सर्वांत मोठे साठे मोरोक्कोकडे. डीएपीसाठी लागणाऱ्या फॉस्फरिक आम्लाचा भारत-मोरोक्को संयुक्त प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथे उभा राहिला. शिवाय सार्वमताची मागणी परदेशात उचलून धरणे काश्मीर प्रश्नामुळे दिल्लीला अवघड वाटत असावे, असा तर्क करता येतो. सहरावींकडे देण्यासारखे काहीच नव्हते.

असेच इतरत्रही घडते, कधी हास्यास्पद वेगाने. केनियाचे अध्यक्ष विल्यम रुटो यांच्या सप्टेंबर २०२२ मधील शपथविधीला सहरावी नेते ब्राहिम घाली उपस्थित होते. दुसऱ्याच दिवशी मोरोक्कोच्या परराष्ट्रमंत्र्यांना भेटून रुटो यांनी मान्यता काढल्याचे ट्विटरवर जाहीर केले. त्या वेळच्या संयुक्त निवेदनात खतांच्या आयातीचाही उल्लेख होता! पुढे तो मजकूर काढून टाकण्यात आला आणि केनियाच्या परराष्ट्र खात्याने परराष्ट्र धोरण ट्विटरवर ठरत नसल्याचा खुलासा केला. पेरूने २०२१ मध्ये संबंध पुन्हा जोडले, ऑगस्ट २०२२ मध्ये मान्यता काढली, सप्टेंबरमध्ये पुन्हा दिली आणि २०२३ मध्ये संबंध परत तोडले.

मोरोक्को २०१७ मध्ये आफ्रिकी संघात परतला. ज्या प्रजासत्ताकाचे अस्तित्व त्याला मान्य नाही, ते त्याच सभागृहात सदस्य म्हणून बसते. त्याचे सरकार मात्र अल्जीरियातील टिंडूफच्या निर्वासित छावण्यांतून चालते, आणि तेथे निर्वासितांची तिसरी पिढी वाढते आहे.