छपराचे नुकसान आणि घराचा विमा: गैरसमज व वस्तुस्थिती

३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडवून नेले, तेव्हा घराच्या विम्याविषयी जी चर्चा सुरू झाली, तिच्यातील बराच भाग गैरसमजांवर उभा होता. त्यानंतर १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या या पॉलिसीची मूळ कलमे सारखीच असल्यामुळे छपरासंबंधीच्या समजुती तिच्या आधारे तपासून पाहणे सोयीचे ठरते.

विमा घेतला की छपराची कोणतीही दुरुस्ती कंपनीकडून करून घेता येते, ही सर्वांत रुजलेली समजूत होय. प्रत्यक्षात ही पॉलिसी नामनिर्दिष्ट संकटांची आहे, म्हणजे तिच्यात नावानिशी नोंदलेल्या घटनांमुळे झालेले नुकसानच भरून मिळते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल यांसारख्या घटना या यादीत येतात. बाहेरील वस्तू आदळून होणारी हानीही येते, त्यामुळे माड किंवा आंब्याची फांदी कौलांवर पडल्यास दावा करता येतो. याउलट स्लॅबला वर्षानुवर्षे मुरलेली ओल, गंजलेला पत्रा, वाळवीने पोखरलेले वासे आणि पावसाळ्यापूर्वीची शाकारणी हा घरमालकाच्या देखभालीचा खर्च आहे. वादळात कौले उडाली असल्यास विमा लागू होतो. कौले सरकून दर पावसाळ्यात घर गळत असल्यास होत नाही. वाद उद्भवतो तो बहुधा या दोहोंच्या सीमेवर, कारण जीर्ण छप्पर वादळात कोसळले तर सर्वेक्षक, म्हणजे नुकसानीचे मोजमाप करणारा परवानाधारक तज्ज्ञ, किती हानी वादळाची आणि किती जुनी हे पाहतो. अशा वेळी पावसाळ्यापूर्वी काढलेली छपराची छायाचित्रे तोंडी खुलाशापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

दुसरा गैरसमज विमाराशीचा, म्हणजे भरपाईच्या कमाल मर्यादेचा आहे. ती घराच्या बाजारभावावर ठरते असे मानले जाते. वस्तुतः चटईक्षेत्राला बांधकामाच्या प्रचलित दराने गुणून ती काढतात. १,००० चौरस फुटांचे घर आणि २,००० रुपयांचा दर असेल, तर ही रक्कम २० लाख रुपये होते, मग जागेसह त्याचा भाव कोटीत का असेना. जमीन वाऱ्याने उडून जात नाही, तेव्हा तिच्या किमतीवर हप्ता भरण्यात अर्थ नाही. इमारतीच्या विम्याबरोबर घरातील सर्वसाधारण सामानालाही इमारतीच्या विमाराशीच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते, ही गोष्ट पुष्कळ पॉलिसीधारकांच्या गावीही नसते.

गृहकर्जाबरोबर घेतलेल्या विम्यातही अशीच गल्लत होते: कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारी पॉलिसी छपराला कोणतेही संरक्षण देत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीची दुरुस्ती सामान्यतः संस्थेकडे असते, म्हणून वरच्या मजल्यावरील सदस्याने संस्थेची पॉलिसी पाहणे आवश्यक ठरते.

तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे दावा दाखल झाला, असे समजणे तर सरळ नुकसानकारक आहे. पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो आणि विमा कंपनीला स्वतंत्रपणे तातडीने कळवावे लागते. पंचनाम्याची प्रत तेथे पुरावा म्हणून जोडता येते. पुढील हानी टाळण्यासाठी छपरावर ताडपत्री टाकण्यास हरकत नाही, उलट ते मालकाचे कर्तव्यच आहे; मात्र सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी तुटलेली कौले व पत्रे टाकून देऊ नयेत. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये असून तक्रारीसाठी शुल्क आकारले जात नाही.