हेल्वेलिन चार तासांत होतो का?

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या उघड्याबोडक्या डोंगरांना तिथे ‘फेल’ म्हणतात. त्यातला हेल्वेलिन ९५० मीटर उंच. गाइडबरोबर एका दिवसात करायची नेहमीची फेरी अशी: ग्लेनरिडिंग गावातून निघायचं, स्ट्रायडिंग एज या अरुंद धारेवरून माथा गाठायचा आणि स्विरल एजवरून उतरायचं. अंतर साधारण १३ किमी, चढ सुमारे ८०० मीटर.

वेळ किती धरायचा? स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२चा नियम आज मेट्रिकमध्ये असा वापरतात: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे २ तास ३६ मिनिटं अधिक १ तास २० मिनिटं. चार तासांत घरी!

पण हा आकडा सांगून कुठलाही शहाणा गाइड गट नेणार नाही. नियमात जेवण नाही, धुकं नाही. धारेवर हात टेकत खडक चढावा लागतो, तिथे ताशी ५ किमी कुठून आणणार? आणि गट चालतो सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने, सरासरी वेगाने नाही. (आपल्या डेटाची सरासरी काढताना नेमका हाच माणूस हरवतो, बरं का.) म्हणून सहा-सात तास धरायचे.

डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा. बर्फ असेल तर हिशोबच वेगळा. त्यामुळे गाइड निघण्याआधीच वेळ ठरवतो: अमुक वाजेपर्यंत धारेच्या अलीकडच्या ‘होल-इन-द-वॉल’ला पोचलो नाही, तर तिथूनच माघारी.