आजी बरी होईल ना?

दोस्तांनो, ११ फेब्रुवारी हा कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थनेचा दिवस. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ साली ठरवला, १९९३ पासून पाळतात. वसईतल्या तुमच्या चर्चमध्ये त्या दिवसाची उपासना तुम्हालाच आखायला दिली तर?

आधी वाचन निवडा. मार्कच्या शुभवर्तमानातली गोष्ट घ्या ना! चौघे जण लुळ्या माणसाला छप्पर उकलून येशूपुढे खाली सोडतात. गंमत पाहा, येशू आधी त्याच्या पापांची क्षमा करतो, मग त्याला उठवतो. मन आधी, पाय नंतर.

मग तेल. पूर्वी ते मरणाच्या दारातल्यांनाच लावत. फादर तेल घेऊन आले की घरचे घाबरायचेच! १९७२ साली विधी बदलला. आता गंभीर आजारी असलेल्या कुणाच्याही कपाळाला नि हातांना ते लावतात.

गाणी थोडीच ठेवा, आजारी माणसाला फार वेळ बसवत नाही. आणि धाकट्यानं विचारलं, "आजी बरी होईल ना?" तर खोटं वचन देऊ नका. प्रार्थना करू म्हणा. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चालूच. गोळीची वेळ मध्येच येत असेल, तर पाण्याचा तांब्या आधीच बाकाजवळ ठेवा.