गर्दी लोटली, मंडळी निघाली

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत बाराबंदी घातलेले भाविक चालतात. यात्रेवर मराठीत निबंध लिहिताना ‘गर्दी लोटली’, ‘पोलीस आले’ अशी वाक्यं मुलं सहज लिहून जातात. इंग्रजीत मात्र पेन अडतं. ‘क्राउड’पुढे ‘वॉज’ लिहायचं की ‘वेअर’?

याचं एक कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘भारताने सामना जिंकला’, ‘भारताने मालिका जिंकली’. इथे क्रियापद बदललं ते सामना आणि मालिका यांच्यामुळे. भारत म्हणजे एक देश की अकरा खेळाडू, हे ठरवायची वेळच आली नाही. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद त्याच्यामागे जात नाही. इंग्रजीत ही सोय नाही. २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा देश म्हणून ‘इंडिया हॅज’. २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा ब्रिटिश वळणाच्या क्रिकेट वार्तांकनात संघ म्हणून ‘इंडिया हॅव’. अमेरिकेत ‘टीम’, ‘कमिटी’ या शब्दांना बहुधा एकवचनच लावतात.

‘पोलीस’ची गंमत वेगळी. मराठीत ‘एक पोलीस आला’ म्हणता येतं. इंग्रजीत ‘अ पोलीस’ चालत नाही. तिथे हा शब्द कायम अनेकवचनी, म्हणून ‘पोलीस वेअर’.

तरीही समूहाकडे दोन नजरांनी बघणं मराठी माणसाला नवीन नाही. ‘सगळी मंडळी जेवायला बसली’ यात मंडळी स्त्रीलिंगी एकवचनी आहे. अनेकवचन असतं तर ‘बसल्या’ झालं असतं. पण तोच माणूस ‘घरची मंडळी उद्या येतील’ असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात पंगत एक आहे, दुसऱ्यात माणसं वेगवेगळी डोळ्यांपुढे येतात.

इंग्रजीच्या तासाला सुरुवात इथूनच करायला हवी. यात्रेच्या समितीने एकमताने निर्णय घेतला, तर ‘द कमिटी हॅज डिसायडेड’. सदस्यांमध्ये मतभेद झाले, तर ब्रिटिश पद्धतीने ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड’. एक पथ्य मात्र दोन्हीकडे सांभाळावं लागतं: ‘हॅज’ लिहिलं की त्याच वाक्यात पुढे ‘इट्स’, ‘हॅव’ लिहिलं की ‘देअर’. परीक्षेत गुण जातात ते बऱ्याचदा या सरमिसळीमुळे.