ल शाँबाँची सचोटी

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीच्या एका थंड, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावर ल शाँबाँ-स्यूर-लिन्याँ नावाचे गाव आहे. १९४० पासून १९४४ पर्यंत, नाझी जर्मनीच्या आणि तिच्यापुढे नमलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या तावडीतून निसटलेल्या हजारो निर्वासितांना, ज्यांत यहुदी बहुसंख्य होते, या गावाने आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांनी आपल्या घरांत, शेतांवर आणि वसतिगृहांत आश्रय दिला. या हकीकतीतील धैर्याची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे. परंतु सत्य हेच ज्यांचे व्रत, अशा माणसांना परक्याचा जीव वाचविण्यासाठी खोट्या दस्तऐवजांचा आधार घ्यावा लागला तेव्हा त्यांनी आपली सचोटी कशी सांभाळली, हा भाग मला अधिक विचारार्ह वाटतो.

या पठारावरील बहुतेक शेतकरी ह्युगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट परंपरेचे. १६८५ साली चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द केल्यावर त्यांच्या पूर्वजांची उपासना बेकायदा ठरली, पाळक फासावर गेले, पुरुष गलबतांवर वल्ही मारण्यास धाडले गेले आणि कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे बुरुजांत कैद राहिल्या. अशा वंशाला सरकारी हुकुमाची अवज्ञा नवी नव्हती.

१९३४ साली आंद्रे त्रोक्मे येथे पाळक म्हणून आले. एदुआर तेइस हे दुसरे पाळक त्यांचे सहकारी. दोघेही अहिंसेचे कट्टर पुरस्कर्ते. फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधीवर सही केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४० रोजी, भरलेल्या उपासनामंदिरात या दोघांनी निवेदन केले की, सुवार्तेच्या विरुद्ध जाणारी आज्ञा आली तर ख्रिस्ती मनुष्याने आत्म्याच्या शस्त्रांनी तिचा प्रतिकार करावा, आणि तो निर्भयतेने पण द्वेष न बाळगता करावा. जुन्या करारातील शरणपुरांवर, जेथे पोचलेल्या शरणागताचे रक्त सांडू देणे हा साऱ्या वस्तीवरील दोष मानला जाई, त्रोक्मे वारंवार प्रवचन करीत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात जर्मनीतून पळालेली एक यहुदी स्त्री बर्फात भिजून त्रोक्मे यांच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा त्यांच्या पत्नी मग्दा यांनी तिला विनाविलंब आत घेतले आणि तिच्यासाठी कागदपत्रे मागावयास त्या सरळ नगराध्यक्षाकडे गेल्या. तेथे त्यांना उत्तर मिळाले की, एका परकीय बाईपायी सारे गाव संकटात घालू नका, तिला वाटेला लावा. कायद्याच्या दारी सत्य सांगून न्याय मिळत नाही, हे त्या दिवशी मग्दाबाईंना कळून चुकले. पुढे शिधापत्रिका आणि ओळखपत्रे बनावट होऊ लागली. ऑस्कर रोसोव्स्की नावाच्या कोवळ्या यहुदी तरुणाने तर असे दस्तऐवज तयार करण्यात विलक्षण हातोटी मिळविली. तथापि त्रोक्मे पतिपत्नीला या असत्याची बोच शेवटपर्यंत राहिली. हेतू शुद्ध म्हणून असत्याचे सत्य झाले, अशी सोयीस्कर समजूत त्यांनी करून घेतली नाही. माझ्या मते त्यांच्या सचोटीचे मर्म येथेच आहे.

शिवाय आपण काय करतो हे गावाने लपविले नाही. कोण, कोठे आहे एवढेच लपविले. १९४२ च्या जुलैत पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे १३,००० यहुदी पकडले गेले. पुढच्याच महिन्यात विशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख लामिराँ गावात आले असता तेथील विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती लेखी निषेध दिला: आमच्यात यहुदी आहेत, आम्ही भेद करीत नाही, त्यांना न्यावयाचा हुकूम आल्यास आम्ही तो मोडू आणि त्यांना दडवू. थोड्याच दिवसांत पोलीस रिकाम्या बसगाड्या घेऊन हजर झाले. त्यांनी यहुद्यांची यादी मागितली, तेव्हा त्रोक्मे यांनी उत्तर दिले की, या लोकांची नावे मला ठाऊक नाहीत आणि ठाऊक असती तरी मी दिली नसती. झडत्या झाल्या, रानात आणि दूरच्या शेतांवर पांगलेल्या माणसांपैकी जवळजवळ कोणीच सापडले नाही.

१३ फेब्रुवारी १९४३ रोजी त्रोक्मे, तेइस आणि शाळामास्तर रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. पकडावयास आलेल्या शिपायांनाही मग्दाबाईंनी जेवावयास बसविले. काही आठवड्यांनी लिमोजजवळच्या छावणीत सुटकेचा हुकूम आला, पण मार्शल पेताँच्या विशी सरकारचे हुकूम पाळीन, अशा कबुलीवर सही करणे आवश्यक होते. दोन्ही पाळकांनी नकार दिला आणि ते बराकीत परतले. दुसऱ्या दिवशी वरून आदेश येऊन त्यांना तसेच सोडण्यात आले. शरणागतांसाठी खोटे शिधापत्रक चालवून घेणारी ही माणसे स्वतःच्या सुटकेसाठी एक खोटी सही करण्यास राजी नव्हती. पुढे भूमिगत असता लिओंच्या स्थानकावर त्रोक्मे जर्मन पोलिसांच्या हाती सापडले. खिशातील ओळखपत्रावर बेगे हे नाव होते, बरोबर लहान मुलगा होता, आणि तरीही, विचारले तर आपले खरे नावच सांगावयाचे असा त्यांनी निश्चय केला. विचारणा होण्यापूर्वीच त्यांना गर्दीत निसटता आले.

सर्वांच्या वाट्याला ही सुटका आली नाही. आंद्रे यांचे नातलग दानिएल त्रोक्मे हे मुलांच्या एका वसतिगृहाचे आणि ‘मेझाँ दे रोश’ या विद्यार्थीगृहाचे व्यवस्थापक होते. २९ जून १९४३ रोजी गेस्टापोची धाड पडली, तेव्हा रानात पळून जाण्यास अवसर असूनही, विद्यार्थी आपल्या जबाबदारीवर आहेत म्हणून ते त्यांच्याबरोबर गेले आणि एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत मरण पावले. गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए यांना २० ऑगस्ट १९४४ रोजी, म्हणजे लिओं मुक्त होण्याच्या अवघे दोन आठवडे आधी, गोळ्या घालण्यात आल्या.

जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने १९७१ साली आंद्रे यांचा, १९७६ साली दानिएल यांचा आणि १९८४ साली मग्दाबाईंचा सन्मान केला. १९९० साली ल शाँबाँ आणि भोवतालच्या वस्त्यांतील सर्व रहिवाशांचा एकत्रित गौरव झाला, आणि असा मान एखाद्या संपूर्ण गावाला लाभणे आजही अत्यंत विरळ आहे.