निःशुल्क भू-प्रक्षेपित दूरचित्रवाणी

निःशुल्क भू-प्रक्षेपित दूरचित्रवाणी : जमिनीवरील उंच मनोऱ्यांवरून रेडिओ तरंगांद्वारे प्रक्षेपित होणारी व घरावरील साध्या अँटेनाच्या साहाय्याने वर्गणी न भरता पाहता येणारी दूरचित्रवाणी. ती प्रेक्षकास निःशुल्क असली, तरी खर्चविरहित नसते. ब्रिटनमध्ये तिचा खर्च परवाना शुल्क व जाहिराती यांतून, अमेरिकेत मुख्यतः जाहिरातींतून, तर भारतात शासकीय अनुदान व जाहिराती यांतून भागविला जातो.

स्वरूप : दूरचित्रवाणीसाठी वापरले जाणारे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे प्रक्षेपणाचे क्षेत्र मनोऱ्याची उंची व प्रदेशाचे चढउतार यांवर अवलंबून असते. या क्षेत्रात एक संच असो वा एक लाख, प्रक्षेपणाचा खर्च तोच राहतो. तसेच कोण काय पाहतो, याची नोंद प्रक्षेपकाकडे होत नाही. इंटरनेटद्वारे कार्यक्रम पुरविताना मात्र सामान्यतः प्रत्येक प्रेक्षकाकडे स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. साहजिकच प्रेक्षकसंख्येबरोबर जाळ्यावरील भार वाढतो आणि जोडणीचे शुल्क प्रेक्षकावर पडते. उपग्रहामुळे डोंगराळ भागासह संपूर्ण देश एकदम व्यापता येतो. परंतु त्यासाठी थाळीसारखी अँटेना व संचपेटी (सेट टॉप बॉक्स) लागते आणि अतिवृष्टीत संदेश क्षीण होण्याचा संभव असतो.

भारतातील स्थिती : भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले व पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. १९८२ नंतर प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने वाढून त्यांची संख्या कालांतराने सु. १,४०० पर्यंत पोहोचली. तथापि खाजगी संस्थांना भू-प्रक्षेपणाची अनुमती मिळाली नाही. परिणामी १९९० नंतरच्या दशकात केबलवरून अनेक वाहिन्या उपलब्ध झाल्या असता घरावरील अँटेनाला दूरदर्शनच्या मोजक्याच वाहिन्या मिळत राहिल्या. ब्रिटनमध्ये याउलट २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीव्ह्यू’ सेवेने सार्वजनिक व व्यापारी वाहिन्या एकाच अँटेनावर आणल्या. त्यामुळे तेथे भू-प्रक्षेपणाचा प्रेक्षकवर्ग टिकून राहिला.

दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ रोजी उपग्रहाद्वारे निःशुल्क सेवा सुरू केली. ती पुढे ‘डीडी फ्री डिश’ या नावाने प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसह १६ शहरांत अंकीय भू-प्रक्षेपणही सुरू करण्यात आले. परंतु ते ग्रहण करण्याची सोय बऱ्याच संचांत नसल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला. सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे सु. ५० प्रक्षेपक वगळता उर्वरित जुने ॲनॅलॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केले.

कंप्रता पट्ट्याची मागणी : ॲनॅलॉग पद्धतीत एका वाहिनीस लागणाऱ्या ६ ते ८ मेगॅहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात अंकीय पद्धतीने अनेक वाहिन्या सामावतात. अमेरिकेने पूर्ण शक्तीच्या केंद्रांवरील ॲनॅलॉग प्रक्षेपण २००९ मध्ये, तर ब्रिटनने ते २०१२ मध्ये बंद केले. मोकळ्या झालेल्या पट्ट्यास मोबाइल सेवांकडून मोठी मागणी असते. अमेरिकेत २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या लिलावात ८४ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा प्रक्षेपणाकडून काढून घेण्यात आला व त्यास सु. १,९८० कोटी डॉलर बोली मिळाली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेने २०१९ मध्ये भू-प्रक्षेपण पूर्णपणे थांबविले. ब्रिटनमध्ये मात्र त्याचे परवाने २०३४ पर्यंत वाढविण्यात आले. दुबई येथे २०२३ मध्ये भरलेल्या जागतिक रेडिओ संदेशवहन परिषदेने यूरोपातील ४७० ते ६९४ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात प्रक्षेपणाचे प्राथमिक स्थान कायम ठेवून अनेक देशांत मोबाइल सेवेस दुय्यम स्थान दिले. या प्रश्नाचा फेरविचार २०३१ च्या परिषदेत व्हावयाचा आहे.

भवितव्य : भू-प्रक्षेपणाच्या नव्या उपयोगांचेही प्रयोग चालू आहेत. इंटरनेट जोडणीशिवाय मनोऱ्यावरून थेट मोबाइल संचावर कार्यक्रम पोहोचविण्याच्या चाचण्या भारतात प्रसार भारती व कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांच्या सहकार्याने झाल्या आहेत. मात्र त्यासाठी मोबाइल संचात विशिष्ट ग्राही मंडल असावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रेडिओ तरंग ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस उपलब्ध करून द्यावे लागते. परंतु ते दूरदर्शनच्या स्वतःच्या भू-प्रक्षेपणावर व निःशुल्क उपग्रह सेवेवरच दाखविता येईल, असे २०१७ मध्ये याच न्यायालयाने स्पष्ट केले. मनोरे बंद झालेल्या प्रदेशात हा हक्क व्यवहारात उपग्रह सेवेवरच अवलंबून राहतो. म्हणून कंप्रता पट्ट्याच्या लिलावातून मिळणाऱ्या महसुलाचा हिशेब करताना वर्गणी न भरू शकणाऱ्या, तसेच आपत्काळी इंटरनेट खंडित झालेल्या घरापर्यंत वार्ता कोणत्या मार्गाने पोहोचेल, याचाही विचार करणे आवश्यक ठरते.