गोवर बरा होतो, मग पुढे काय?

नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबईत गोवंडी, पलीकडे भिवंडी आणि नाशिक जिल्ह्यात मालेगाव इथे गोवराचे रुग्ण वाढू लागले. यंत्रमागांच्या, दाट वस्तीच्या मालेगावाने दोनच वर्षांपूर्वी कोरोनाची झळ सोसली होती. गोवर त्याहून भराभर पसरतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना आजार देतो.

गोवर अंगावर नीट निघू द्यावा, असं जुनी माणसं सांगत आली. त्यापायी डॉक्टरकडे जायला उशीर करणं घातकच, पण निरीक्षणात तथ्य आहे. पुरळ हे शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशींच्या लढाईचं चिन्ह असतं. त्वचेतल्या बाधित पेशींवर त्या तुटून पडतात, तेव्हा लाल ठिपके उमटतात. ज्या मुलाच्या टी पेशी दुबळ्या, त्याच्या अंगावर कधीकधी पुरळ येतच नाही आणि न्यूमोनिया मात्र जिवावर बेततो.

टी पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. रक्तातल्या अँटिबॉडी बाहेरच्या विषाणूला अडवतात. पेशीत शिरलेला विषाणू त्यांच्या हाती सहसा लागत नाही. मात्र बाधित पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते. शरीराच्या स्वतःच्या रेणूवर बसलेला असा तुकडा मारक टी पेशी ओळखते आणि ती बाधित पेशीच संपवते. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी 1974 मध्ये ही ओळख कशी पटते ते दाखवलं. त्यासाठी त्यांना 1996 चं नोबेल मिळालं. जन्मतः अँटिबॉडी बनवू न शकणारी मुलंही बहुधा गोवरातून बरी होतात, ती टी पेशींच्याच बळावर.

विषाणू हटला की लढलेल्या बहुतेक टी पेशी मरून जातात. थोड्या उरतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि तोच विषाणू पुन्हा आला तर झपाट्याने वाढतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचीही अशीच स्मृती असते. ही स्मृती किती टिकते? फेरो बेटांवर 1781 नंतर गोवर थेट 1846 मध्ये आला. लुडविग पॅनम या डॅनिश डॉक्टरला आढळलं, की 65 वर्षांपूर्वी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झालाच नाही.

पण ही आठवण फार महाग पडते. गोवराचा विषाणू ज्या रेणूला धरून आत शिरतो, तो स्मृती टी पेशींवर आणि बी पेशींवर भरपूर असतो. म्हणजे आधीच्या आजारांची ओळख जपणाऱ्या पेशीच तो मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवरानंतर इतर रोगांविरुद्धच्या 11 ते 73 टक्के अँटिबॉडी नाहीशा झालेल्या दिसल्या. पुरळ मावळतं, ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात. मूल मात्र पुढचे कित्येक महिने जुन्याच जंतूंपुढे उघडं पडतं. गोवराची खरी भीती इथे आहे, आणि ती घराघरांत पुरेशी पोचलेली नाही.

लशीतला दुबळा केलेला विषाणू गोवराची स्मृती देतो, बाकीची पुसत नाही. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांच्या वयात आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. बाळाचं लसीकरण कार्ड आजच काढून पाहा. डोस राहिला असेल तर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तो देता येतो, आशाताईंना विचारा.